निःशब्दतेचा कारागीर : सर हेन्री रॉईस

तिरुवैयारु येथे कावेरीच्या तीरी पंचनदीश्वराचे, तमिळमध्ये ज्याला अय्यारप्पर म्हणतात त्याचे, पुरातन देवालय आहे. त्याच्या प्राकारात एक जागा अशी आहे की तेथे उभे राहून देवाला हाक मारली असता ती सात वेळा परत ऐकू येते, अशी तिची ख्याती आहे. आपल्याकडे देशावरून पाहुणे आले म्हणजे त्यागराजस्वामींच्या समाधीचे दर्शन झाल्यावर मुलांना घेऊन आपण त्या जागी जातोच. मुले हाका मारतात, हाका परत येतात आणि लहानथोर सारेच हरखून जातात.

एकदा उठलेला आवाज पुन्हा पुन्हा उठावा, ही गोष्ट देवळात कौतुकाची ठरते. यंत्रात मात्र तीच गोष्ट घातक होते. एक लहानसा हिसका, त्यामागून तसाच दुसरा, त्यामागून तिसरा, असे हिसके एकमेकांना साथ देऊ लागले म्हणजे पोलादाचा जाड दांडासुद्धा पिळवटून मोडून पडतो. आणि मोडण्यापूर्वी कितीतरी आधीपासून तो खडखडाटाच्या रूपाने आपली व्यथा सांगत असतो. तो खडखडाट ऐकणारा आणि त्याचा अर्थ लावणारा कान ज्याला लाभला होता, अशा एका विलायती कारागिराचे चरित्र आज आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. रोल्स-रॉईस या मोटारीचे नाव ठाऊक नाही असा वाचक विरळा. तथापि त्या जोडनावातील दुसरे नाव धारण करणारा पुरुष कोण होता, कोणत्या हालअपेष्टांतून वर आला आणि मोटारीच्या इंजिनातील आवाजाशी त्याने कसा झगडा केला, हे फारसे कोणी सांगत नाही.

पोरके बालपण

फ्रेडरिक हेन्री रॉईस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील पीटरबरो शहराजवळ ऑल्वॉल्टन या खेड्यात झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडील जेम्स हे पिठाची गिरणी चालवीत; परंतु धंदा बसला, कुटुंब पोट भरण्यासाठी लंडनला आले आणि १८७२ मध्ये वडिलांनी अनाथ-अपंगांसाठी असलेल्या सरकारी आश्रयगृहात देह ठेवला. त्या वेळी हेन्री अवघा नऊ वर्षांचा होता. ज्या वयात मुलाने पाटी-दप्तर घेऊन शाळेत जावे त्या वयात तो रस्त्यावर वर्तमानपत्रे विकू लागला आणि पुढे घरोघर तारा पोहोचवू लागला. शालेय शिक्षण त्याला जेमतेम वर्षभरच मिळाले, असे म्हटले तरी चालेल.

१८७८ च्या सुमारास एका मावशीच्या मनात कणव उत्पन्न झाली. वर्षाला २० पौंड भरून तिने त्याला पीटरबरो येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लावून दिले. ज्या घरी तो राहत असे तेथे परसातील खोलीत एक लेथ होता. दिवसभर कारखान्यात राबावे आणि रात्री त्या लेथवर हात बसवावा, असा त्याचा क्रम चाले. कानशीने पोलाद सपाट करणे, सांधा बेमालूम जुळविणे, बोटाच्या स्पर्शाने उंचवटा ओळखणे या विद्या तेथे त्याच्या अंगात मुरल्या. परंतु तीनेक वर्षांत मावशीचा पैसा संपला आणि उमेदवारी अर्धवट सुटली. पुढे लीड्स येथे आठवड्याला ५४ तास राबून ११ शिलिंगांवर त्याने हत्यारे बनविण्याचे काम केले. तेथून तो लंडनच्या एका वीज कंपनीत शिरला आणि १८८२ मध्ये लिव्हरपूल येथे रस्त्यांवर व नाट्यगृहांत विजेचे दिवे लावण्याच्या कामावर गेला.

ज्याच्या हाती पदवी नाही, पाठीशी कुटुंब नाही, असा तो मुलगा होता. त्याच्यापाशी एकच भांडवल होते. वस्तू कशी वागते हे तो बारकाईने पाहत असे, आणि पाहून जे कळे त्यावर कोणाच्याही सांगण्यापेक्षा अधिक विश्वास ठेवीत असे.

मँचेस्टरचा कारखाना

१८८४ मध्ये रॉईस यांनी साठविलेले २० पौंड आणि अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राचे ५० पौंड एवढ्या पुंजीवर मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर एक लहानसा कारखाना सुरू झाला. आरंभी विजेच्या घंटा आणि दिव्यांचे सुटे भाग तेथे होत. पुढे डायनॅमो आणि विजेवर चालणाऱ्या याऱ्या होऊ लागल्या. त्या काळच्या डायनॅमोत ठिणग्या फार उडत. रॉईस यांच्या डायनॅमोत त्या उडत नसत, म्हणून त्यांना मागणी आली. ठिणगी हे दोषाचे लक्षण आहे. ती झाकून भागत नाही, ती का उडते ते शोधले पाहिजे, ही त्यांची दृष्टी येथेच दिसून येते. पुढील आयुष्यात ठिणगीच्या जागी आवाज आला, एवढाच काय तो फरक.

विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी स्पर्धेमुळे याऱ्यांचा धंदा मंदावला आणि अतिश्रमाने रॉईस यांची प्रकृतीही ढासळली. जेवणखाणाची शुद्ध त्यांना कधीच नसे. कारखान्यातील एका पोराला दुधाचा पेला देऊन त्यांच्या मागे मागे धाडावे लागे, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगून ठेविले आहे. दुखण्यातून उठल्यावर १९०३ मध्ये त्यांनी देकोव्हिल नावाची एक वापरलेली फ्रेंच मोटार विकत घेतली. त्या काळच्या मानाने ती वाईट नव्हती. पण ती खडखडे, धडधडे आणि भरवशाची नव्हती. दुसरा कोणी असता तर त्याने ती विकून टाकली असती. रॉईस यांनी ती खोलली, प्रत्येक भाग निरखला आणि याहून चांगली मोटार आपण करू शकू असे ठरविले.

१ एप्रिल १९०४ रोजी त्यांची पहिली दहा अश्वशक्तीची दोन सिलिंडरांची मोटार कुक स्ट्रीटच्या फाटकातून बाहेर पडली आणि सुमारे १५ मैल दूर नट्सफर्ड येथे त्यांच्या घरापर्यंत गेली. तिच्यात अभूतपूर्व असा एकही शोध नव्हता. जे इतरांनी केले होते तेच त्यांनी अधिक काटेकोरपणे केले होते. त्याच वर्षी ४ मे रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात त्यांची चार्ल्स रोल्स यांच्याशी भेट झाली. रॉईस ४१ वर्षांचे, गिरणीवाल्याचे पोर. रोल्स २६ वर्षांचे, उमरावाचे चिरंजीव आणि लंडनमधील मोटारींचे विक्रेते. दोन सिलिंडरांची मोटार म्हणजे हादऱ्यांची खाण, असा रोल्स यांचा पक्का ग्रह होता. या मोटारीत बसून फेरी मारली आणि तो ग्रह गळून पडला. १५ मार्च १९०६ रोजी रोल्स-रॉईस कंपनी रीतसर स्थापन झाली.

खडखडाटाचे मूळ

आता थोडे यंत्राच्या पोटात शिरले पाहिजे. कारण रॉईस यांचे खरे थोरपण तेथेच दिसते.

मोटारीच्या इंजिनात पिस्टन खाली-वर होतात आणि त्यांच्या जोराने क्रँकशाफ्ट नावाचा मुख्य दांडा फिरतो. सिलिंडरात इंधन आत घेणारे व जळालेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडावे व मिटावे लागतात. ते काम कॅमशाफ्ट नावाचा दुसरा दांडा करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा, असा हिशेब असतो. म्हणून कॅमशाफ्टच्या चाकाला क्रँकशाफ्टच्या चाकापेक्षा दुप्पट दाते असतात. मृदंगाच्या तालावर गायकाने समेवर यावे तसे या दोन दांड्यांना प्रत्येक फेऱ्यात एकमेकांशी समेवर यावे लागते. हे जुळवून ठेवणाऱ्या दातेरी चाकांचा खडखडाट ही त्या काळच्या मोठ्या मोटारींची डोकेदुखी होती. मोठी किंमत मोजून मोटार घेणाऱ्याला बग्गीतील शांतता हवी असे आणि पदरी पडे तो गिरणीचा गोंगाट.

हा खडखडाट का होतो? दोन चाकांच्या दात्यांमध्ये फिरण्यापुरती बारीकशी फट ठेवावीच लागते. कॅम जेव्हा व्हॉल्व्हला वर ढकलतो तेव्हा स्प्रिंग दबते आणि कॅमशाफ्टला मागे रेटते. कॅमचा उंचवटा ओलांडला गेला की तीच स्प्रिंग कॅमशाफ्टला पुढे ढकलते. त्यामुळे दाते कधी एका बाजूने टेकतात, कधी दुसऱ्या बाजूने, आणि दर वेळी ती फट ओलांडताना टक् असा ठोका पडतो. मिनिटाला असे हजारो ठोके पडले म्हणजे त्यांची एकच घरघर होते.

यावर त्या काळी नाना उपाय निघाले. दाते सरळ न कापता तिरके कापावे, म्हणजे एक दाता पूर्ण सुटण्यापूर्वी दुसरा धरू लागतो आणि ठोका बोथट होतो. दोन चाकांपैकी एक कमावलेल्या चामड्याचे अथवा दाबून घट्ट केलेल्या तंतूंचे करावे, म्हणजे पोलादावर पोलाद आपटत नाही. चाकांऐवजी साखळी वापरावी हा आणखी एक मार्ग. स्वित्झर्लंडहून मँचेस्टरला येऊन स्थायिक झालेले हान्स रेनॉल्ड यांनी १८९५ मध्ये उलट्या दात्यांची निःशब्द साखळी काढली होती आणि अनेक उंची मोटारींनी ती स्वीकारली. मात्र साखळी झिजली की लांबते, आणि लांबली की सम चुकू लागते. चार्ल्स नाइट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी तर व्हॉल्व्हच काढून टाकले आणि त्यांच्या जागी सिलिंडरात खाली-वर सरकणाऱ्या नळ्या बसविल्या. १९०८ मध्ये कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने ती युक्ती उचलली. ते इंजिन खरोखर शांत चाले, पण तेल फार पिई आणि मागे धूर सोडी.

हे सारे उपाय उपयोगी होते. परंतु सहा सिलिंडरांची लांब इंजिने आली तेव्हा या साऱ्या उपायांना पुरून उरणारा एक नवा खडखडाट ऐकू येऊ लागला. मोटार एका विशिष्ट वेगाला पोहोचली की इंजिन थरथरे, पुढच्या बाजूची दातेरी चाके थडथडू लागत. वेग थोडा वाढविला वा कमी केला की ते पुन्हा शांत होई. त्या वेगावर फार वेळ राहिले तर क्रँकशाफ्ट मोडे. काही विक्रेते तर या खडखडाटालाच इंजिनाच्या जोमाची खूण म्हणून मिरवीत. दोषाला गुणाचे नाव दिले की दोष शोधण्याचे कष्ट वाचतात, ही युक्ती फार जुनी आहे.

१९०५ मध्ये निघालेली रॉईस यांची स्वतःची तीस अश्वशक्तीची सहा सिलिंडरांची मोटारही या व्याधीपासून मुक्त नव्हती. रॉईस यांनी ते नाकारले नाही. सहा सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोटांचे धक्के क्रँकशाफ्टला बसतात. लांब व सडपातळ दांडा अशा धक्क्याने किंचित पिळला जातो आणि स्प्रिंगसारखा परत उसळतो. त्याच्या उसळण्याला स्वतःची अशी एक लय असते. धक्क्यांची लय आणि उसळण्याची लय एक झाली, की झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावे तसा तो पीळ वाढत जातो. दांड्याच्या मागच्या टोकाला जड चक्र असल्यामुळे ते टोक फारसे हलत नाही. पुढचे मोकळे टोक मात्र सर्वांत अधिक थरथरते. आणि नेमक्या त्याच टोकावर कॅमशाफ्ट फिरविणारे दातेरी चाक बसविलेले असते. म्हणजे चाकांचा खडखडाट हा चाकांचा अपराध नव्हताच. ती चाके केवळ क्रँकशाफ्टची व्यथा बोलून दाखवीत होती.

रुपेरी भूत

निदान ठरल्यावर उपचाराची दिशाही बदलली. १९०६ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात रॉईस यांची ४०/५० अश्वशक्तीची नवी मोटार लोकांपुढे आली. तिचे सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत ओतलेले होते. क्रँकशाफ्टचे दोन अर्धे एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असावे अशी त्याची रचना होती. दांडा पूर्वीपेक्षा जाड केला होता, सात बेअरिंगांवर तोलला होता आणि त्याच्या अंतर्भागात दाबाने तेल पोहोचविले जाई. इंजिन ७०३६ घनसेंटिमीटरचे, पण त्याच्याकडून त्याच्या कुवतीपेक्षा पुष्कळच कमी काम घेतले जाई. पुढे दांड्याच्या मोकळ्या टोकावर एक लहानसे चक्र आले. ते दांड्याला घट्ट जखडलेले नव्हते. स्प्रिंगांनी दाबलेल्या तबकड्यांच्या घर्षणाने धरलेले होते. दांड्याने अचानक हिसका मारला की ते चक्र आपल्या जडपणामुळे मागे रेंगाळे आणि तबकड्यांच्या घसटीत तो हिसका विरून जाई. त्याहीपुढच्या मोटारींत दातेरी चाकांना मिळणारी चालनाच स्प्रिंगांमधून दिली गेली, म्हणजे उरलासुरला धक्काही दात्यांपर्यंत पोहोचू नये.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. हा शोध एकट्या रॉईस यांचा म्हणता येणार नाही. याच सुमारास फ्रेडरिक लँचेस्टर हे थोर गणिती अभियंते डेमलर कंपनीच्या इंजिनातील अशाच व्याधीशी झगडत होते आणि घर्षणाने थरथर शोषणाऱ्या साधनाचा शास्त्रशुद्ध विचार त्यांनी मांडला. लँचेस्टर गणिताच्या वाटेने जेथे पोहोचले तेथे रॉईस हात, डोळे आणि कान यांच्या वाटेने पोहोचले. दोघांचेही ऋण आजच्या प्रत्येक मोटारीवर आहे. कारण क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला बसणारे कंपशामक चक्र आजही असंख्य इंजिनांत असते.

आवाज ऐकण्याची कला आपल्या तंजावर भागातील लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. फणसाच्या लाकडाची वीणा घडविणारा कारागीर शेवटी मेणात चोवीस पडदे बसवितो ते पट्टीने मोजून नव्हे, कानाने. आपल्या रस्त्यावरचा जुनाजाणता मेस्त्रीदेखील लांब पेचकसाचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाला लावून कोणते बेअरिंग गेले ते सांगतो. रॉईस यांची विद्या याच जातीची होती.

या मोटारींपैकी एक मोटार कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी रुपेरी रंगाने रंगविली, तिच्या पितळी भागांवर चांदीचा मुलामा चढविला आणि ती आल्याचे कळतच नाही म्हणून तिचे नाव ठेवले ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत. १९०७ मध्ये पंचांच्या देखरेखीखाली ही मोटार १५,००० मैल, म्हणजे सुमारे २४,००० किलोमीटर पळविण्यात आली. आरंभीच्या ६२९ मैलांनंतर हादऱ्याने पेट्रोलची तोटी आपोआप मिटली आणि मोटार मिनिटभर थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल ती दोषामुळे म्हणून एकदाही थांबली नाही. चाचणी संपल्यावर सारी मोटार खोलून प्रत्येक भाग मोजला गेला. तिला पुन्हा नव्यासारखी करण्यासाठी लागलेल्या भागांची किंमत झाली २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. शांतता आणि टिकाऊपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी नव्हेत, हे त्या लहानशा रकमेने सिद्ध केले. जे आपटत नाही ते झिजत नाही.

१९०८ मध्ये कंपनीने धाडसी निर्णय घेतला. इतर सर्व नमुने बंद करून हीच एक मोटार करावयाची. ही मोटार फसती तर कंपनीही बुडती. डर्बी येथे नवा कारखाना उभा राहिला आणि १९२५-२६ पर्यंत, अमेरिकेत झालेल्या १,७०१ गाड्या धरून, या मोटारीच्या ७,८७४ गाड्या बाहेर पडल्या.

सह्याद्रीच्या घाटांत

या कथेचा एक धागा आपल्या मायभूमीशीही जोडलेला आहे. त्याच १९०८ साली ‘पूर्वेचा मोती’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिलेली एक रोल्स-रॉईस हिंदुस्थानात आणण्यात आली आणि मुंबई-कोल्हापूर मार्गावरील ६२० मैलांच्या चाचणीत उतरली. वाटेत सहा घाट होते. त्या काळचे घाट म्हणजे खडी, धूळ, बैलगाड्या आणि अवघड वळणे. चढावर इंजिन सावकाश फिरते आणि भार मात्र पुरेपूर ओढते. अशा वेळी प्रत्येक धक्का क्रँकशाफ्टला अधिक जोराने पिळतो. दिवाणखान्यासमोर शांत उभी राहणारी मोटार वेगळी आणि सह्याद्री चढताना शांत राहणारी वेगळी. या मोटारीने ती चाचणी जिंकली, आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती खरेदी केली. हिंदुस्थानातील संस्थानिकांत रोल्स-रॉईसची जी ओढ पुढे निर्माण झाली, तिच्या आरंभीच्या पावलांत मराठी मुलखातील घाट आणि मराठी राजघराणे यांचा असा वाटा आहे. तंजावरचे भोसले जसे देशापासून दूर कावेरीकाठी रुजले, तसेच शिंदे चंबळेच्या प्रदेशात रुजले. दूर गेलेल्या मराठी माणसाला घाटातून सुखरूप वर आलेल्या यंत्राचे अप्रूप वाटावे, हे स्वाभाविकच होय.

यशाची किंमत

आता चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान कोसळून रोल्स यांचा अंत झाला. ते अवघे ३२ वर्षांचे होते. पुढल्याच वर्षी रॉईस यांचे शरीर पुन्हा कोसळले. शस्त्रक्रिया झाली, ते थोडक्यात वाचले. १९१२ मध्ये पती-पत्नी विभक्त झाली. जो पुरुष यंत्रातील सूक्ष्मातिसूक्ष्म कुरकुर ऐकू शकत होता, त्याला स्वतःच्या शरीराची हाक वेळेवर ऐकू आली नाही आणि घरातील मौनाचाही अर्थ लावता आला नाही. त्यांच्या हाताखाली काम करणे सोपे नव्हते. दोष दिसला की ते वेळकाळ पाहत नसत आणि इतरांच्या भुकेचीही त्यांना आठवण राहत नसे.

यानंतर डर्बीच्या कारखान्यात त्यांचे पाऊल क्वचितच पडले. हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील ल कानादेल येथे आणि १९१७ पासून इंग्लंडमधील वेस्ट विटरिंग या समुद्रकाठच्या खेड्यात, एका परिचारिकेच्या देखरेखीखाली, त्यांनी उरलेले आयुष्य काढले. मोजके आरेखक त्यांच्याजवळ राहत. तेथून आराखडे आणि सूचना डर्बीला जात. डर्बीहून तयार भाग तपासणीसाठी त्यांच्याकडे येत. पहिल्या महायुद्धात त्यांनी ‘ईगल’ हे विमानाचे इंजिन सिद्ध केले. १९१९ च्या जूनमध्ये ॲल्कॉक आणि ब्राऊन यांनी अटलांटिक महासागर न थांबता प्रथम ओलांडला तो या जातीच्या दोन इंजिनांच्या बळावर. १९२९ आणि १९३१ मध्ये श्नायडर चषकाच्या विमान-शर्यती त्यांच्या ‘आर’ इंजिनाने जिंकून दिल्या. १९३१ च्या सप्टेंबरात त्याच इंजिनाने विमानाला ताशी ४०० मैलांच्या पलीकडे नेले. १९३० मध्ये त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. वर्तमानपत्रे विकणारा पोर सर हेन्री झाला. परंतु स्वतःला तो अखेरपर्यंत एक साधा मेकॅनिकच समजत असे.

२२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथे त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी एका पाकिटावर मोटारीच्या हादरे शोषणाऱ्या भागाची आकृती काढली होती, असे सांगतात. ज्याच्यावर त्यांनी शेवटी विचार केला ते ‘मर्लिन’ इंजिन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रथम सुरू झाले. ते पाहण्यास ते उरले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमाने त्याच इंजिनाने उडाली. त्यांच्या अस्थी आज ऑल्वॉल्टन या त्यांच्या जन्मगावीच विसावल्या आहेत.

मंडळाच्या चाकाविषयी

रॉईस यांच्या जीवनातून आपण काय घ्यावे? त्यांचे अविश्रांत श्रम वंदनीय खरे, पण शरीराची आणि कुटुंबाची जी हेळसांड त्यांनी केली ती अनुकरणीय नव्हे. घेण्यासारखी आहे ती त्यांची दृष्टी. आवाज आला की इतर लोक त्यावर गोधडी घालीत, अथवा त्याला जोमाची खूण म्हणून मिरवीत. रॉईस मात्र विचारीत की हा आवाज कोठून निघतो. आणि ज्या चाकातून तो ऐकू येई त्या चाकालाच दोषी न ठरविता, त्यामागे कोणता दांडा पिळवटतो आहे ते पाहत.

आपले मंडळ पन्नास वर्षे चालले. परमुलखात, परभाषेच्या शेजारात, भाड्याच्या जागेत गणपती बसवून आणि मुलांना बाराखडी शिकवून ते चालले. या काळात त्याच्या चाकांनी कधीच आवाज केला नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सभांतून खटके उडाले, काही जण दुरावले, तरुण पिढी मराठी बोलेनाशी झाली म्हणून वडीलधारे रागावले. अशा वेळी बोलणाऱ्या चाकावर रागावणे सोपे असते. मुले मराठी बोलत नाहीत हा मुलांचा अपराध, की घरातून आपणच त्यांच्याशी मराठीत बोलणे सोडले हे त्याचे मूळ, हा प्रश्न विचारण्यास मात्र रॉईस यांचा कान लागतो.

पुष्य महिन्यातील वद्य पंचमीला तिरुवैयारुस कावेरीकाठी शेकडो गायक-वादक एकत्र बसतात. गाण्यापूर्वी तंबोरे जुळविले जातात. एखादी तार उतरलेली असेल तर कोणी तिच्यावर मोठ्याने गाऊन ती झाकीत नाही. थांबतात, खुंटी पिळतात, कान लावतात आणि तार सुरात आल्यावरच पहिला स्वर उमटतो. मंडळाच्या पुढल्या पन्नास वर्षांच्या आरंभी आपणही तेवढा वेळ थांबून कान लावावा, एवढेच मागणे आहे.